राहून गेलेले स्थानक

परमुलखातील मुक्कामाचा शेवटचा दिवस हा मोठा चमत्कारिक दिवस असतो. पहिल्या दिवशी आपण नवखे असतो. गल्ली चुकते, नाणी ओळखू येत नाहीत, रस्ता ओलांडताना मान नेमकी उलट्या बाजूला वळते. चौथ्या-पाचव्या दिवशी कोपऱ्यावरचा दुकानदार आपल्याला पाहून मान डोलवू लागतो, आणि आता कुठे हे गाव ओळखीचे झाले असे वाटते न वाटते तोच बॅगा भरण्याची वेळ येते. मग पाहायचे काय काय राहिले याची यादी निघते. तुम्हीही अशी यादी कधी ना कधी काढली असेल. त्या यादीत एक गोष्ट अशी असते की जी वेळेअभावी राहिलेली नसते. आपणच ती राहू दिलेली असते.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता आठवडाभर लिस्बनला होतो. माझी नोकरी संपली, हिचीही संपली, आणि मुलाने हौसेने तिकिटे काढून दिली. ग्रासा नावाच्या टेकडीवर एका वृद्ध बाईंच्या घरातील वरची खोली आम्हांला मिळाली होती. सातव्या दिवशी सकाळी खिडकीशी बसून मी यादी वाचू लागलो. रंगीत फरशांचे संग्रहालय राहिले होते, एक वनस्पतींची बाग राहिली होती, नातवासाठी काहीतरी घ्यायचे होते. ही बॅगेत कपड्यांच्या घड्या लावीत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "अहो, सहा दिवस झाले, तुम्हांला जिथे जायचे आहे त्या जागेचे नाव तुम्ही काढीत नाही. पाकिटातले ते तिकीट मी इंदुरासच पाहिले होते."

त्या तिकिटाची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

१९५५ साली माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, इंदुरात एका शाळेत गणित शिकवीत. वय पंचविशीच्या आतबाहेर. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती. परंतु गोवा, दमण आणि दीव येथे अजून पोर्तुगालचाच अंमल होता, आणि लिस्बनमध्ये बसलेले हुकूमशहा सालाझार तो सोडावयास तयार नव्हते. गोवा ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगालचाच एक सागरापलीकडचा प्रांत आहे, असा त्यांचा हेका होता. त्या वर्षी १५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरणार होते. नानांनी आपले नाव दिले, शाळेतून रजा घेतली, आणि इंदूर ते खांडवा असे रेल्वेचे तिकीट काढले. खांडव्याला मोठ्या रुळांची गाडी धरून पुढे पुण्याकडे जायचे होते. निघण्याच्या आदल्या रात्री आजीने अंथरूण धरले. तिने नानांचे मनगट पकडले आणि म्हणाली, "आधी मला पोचव, मग कुठे जायचे तिथे जा."

नाना गेले नाहीत.

१५ ऑगस्टला सीमेवर गोळीबार झाला. वीसांहून अधिक सत्याग्रही प्राणांस मुकले. पंजाबचे कर्नेलसिंग त्यांत होते, आणि इंदुरापासून हाकेच्या अंतरावरील उज्जैनचे राजाभाऊ महाकाळही होते. आजी आठ दिवसांत उठून स्वयंपाकाला लागली, आणि त्यानंतर एकोणीस वर्षे जगली. नानांनी तिला त्यावरून एका शब्दाने कधी दुखविले नाही. मात्र त्यांनी ते तिकीट परत केले नाही आणि फाडूनही टाकले नाही. १९९८ साली ते गेले, तेव्हा लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या पुस्तकात मला ते सापडले. जाड पुठ्ठ्याचे, तपकिरी, बोटाएवढे. त्यावर उमटविलेली तारीख आता नखाने चाचपली तरच कळते.

या हकीकतीचा दुसरा भाग मी स्वतः पाहिलेला आहे. मोहन रानडे हे नाव आजच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. हा सांगलीकडचा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला, आणि १९५५ सालीच एका पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालात नेण्यात आले आणि लिस्बनजवळच्या एका किल्ल्यात ठेवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पण रानडे सुटले नाहीत. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले ती स्वतंत्र झाली, तिथे निवडणुका झाल्या, मंत्रिमंडळ आले, आणि हा मनुष्य सात हजार किलोमीटरांहून दूर कोठडीतच राहिला. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी खटपट केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोप सहावे पॉल यांची भेट घेतली तेव्हा त्यांच्यापाशी रानड्यांसाठी शब्द टाकला. आणि इंदूरच्या एका मोहल्ल्यात आमचे नाना, हातात ताव आणि खिशात टाक घेऊन, संध्याकाळी दारोदार सह्या गोळा करीत हिंडत. ते अर्ज दिल्लीला जात. पोच कधी आली असेल असे मला वाटत नाही.

जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मी तेव्हा साडेनऊ वर्षांचा होतो. नाना पेढे घेऊन घरी आले, आधी देवापुढे आणि मग आजीच्या हातावर ठेवले, आणि शाळेचा नकाशासंग्रह उघडून मला म्हणाले, "हे बघ, इथे होते ते." नकाशात ते गाव नव्हते. लिस्बनच्या डाव्या अंगाला, समुद्राच्या निळ्या रंगाला अगदी लागून, त्यांनी शिसपेन्सिलीने एक ठिपका दिला होता. त्या गावाचे नाव ते उच्चारीत 'कॅक्सियस'.

आता तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच दिवशी का गेला नाहीत? लिस्बनहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचता येते. तिसऱ्या दिवशी आम्ही बेलेंला गेलो होतो. तेथील मठात वास्को द गामाची समाधी आहे. दगडी वास्को हात जोडून स्वस्थ पहुडला आहे. बाहेर दुधाच्या मलईच्या गोड टिकल्यांवर दालचिनीची पूड भुरभुरून देत होते. त्या दालचिनीच्या वाटेनेच तर हे लोक आपल्याकडे आले. तिथून नानांचा ठिपका दोन-तीन स्थानकांवर होता. फलाटावर उभे राहून मी ते नाव वाचले, आणि 'आज हिचे गुडघे दुखताहेत' असे स्वतःला सांगून उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. हिचे गुडघे त्या दिवशी उत्तम होते.

खरे कारण सांगतो. मला ते शहर आवडू लागले होते, आणि त्याची मला चोरी वाटत होती. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या लाटांनी व आगीने हे शहर उद्ध्वस्त केले. कार्मूच्या मठाच्या कमानी आजही छपराविना आभाळाखाली उभ्या आहेत. खालचे शहर त्यांनी सरळ रेघांचे पुन्हा बांधले, टेकड्यांवरचे मात्र वाकडे ते वाकडेच राहिले. त्या वाकड्या गल्ल्यांतून पिवळी ट्राम इतकी अंग चोरून जाते की खिडकीतून हात काढला तर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या सदऱ्याला लागावा. कोपऱ्याकोपऱ्यांवर चेस्टनटची फळे भाजतात आणि कागदाच्या पुडीत घालून देतात. त्या धुराने मला आमच्या सराफ्यातल्या थंडीतील रात्री आठवल्या.

आणि भाषा! पहिल्या दिवशी घरमालकीणबाईंनी साबण दिला आणि म्हणाल्या 'सबाऊं'. ही चमकून माझ्याकडे पाहू लागली. मग आम्हांला छंदच लागला. बटाट्याला बताता, पावाला पाऊं, मेजाला मेझा, बालदीला बाल्द, अननसाला अननाश. लिलाव त्यांचा, मेस्त्री त्यांचा, पगारही त्यांच्याकडून आलेला. गोव्यात जन्मलेल्या आणि लिस्बनमध्ये देह ठेवलेल्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या पंडिताने १९१३ साली अशा शब्दांचा मोठा ग्रंथच सिद्ध केला. नानांनी पोर्तुगालचे नाव जन्मभर कपाळाला आठी घालून घेतले. आणि रोज सकाळी पोर्तुगीज साबणाने अंघोळ करून, पोर्तुगीज चावीने कुलूप लावून, महिनाअखेर पोर्तुगीज पगार आणला. हे त्यांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते की रागावले असते, हे मला अजून ठरविता आलेले नाही. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'त्रोंकू'पासून आलेला आहे.

पाचव्या दिवशी आम्ही अल्जूब पाहिले. मुख्य चर्चच्या शेजारची ही इमारत सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा तुरुंग होती; २०१५ पासून तिथे प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. धड हातपाय पसरता येऊ नयेत अशा चिंचोळ्या कोठड्या तिथे पाहिल्या. त्यांत डांबलेले लोक पोर्तुगीजच होते: कामगार, विद्यार्थी, शिक्षक. हे मला पुस्तकांतून ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्या कोठडीपुढे उभे असताना, ज्या देशावर मी वडिलांच्या वतीने रुसून आलो होतो त्याच्या दोन बाजू पहिल्यांदाच एकमेकींपासून सुट्या होऊन दिसल्या. बाहेर पडल्यावर मी हिला म्हणालो, "झाले, तुरुंग पाहिला, आता तिकडे जायला नको." ही काही बोलली नाही.

तर अशा रीतीने सातवा दिवस उजाडला होता. हिने बॅग मिटली, चपला बदलून बूट घातले आणि दारात जाऊन उभी राहिली.

काइश दु सुद्रेच्या स्थानकावर गणवेशातील एका मुलाला मी विचारले, "कॅक्सियस?" त्याला काही उमगेना. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. आपण भाषा कळत नसली की आवाज का चढवितो कोण जाणे. शेवटी चिठ्ठीवर अक्षरे लिहून दाखविली. त्याचा चेहरा उजळला. "आ, काशियाश!" तो म्हणाला, आणि मला दोनदा म्हणायला लावले. नानांचा उच्चार चोपन्न वर्षे तरी माझ्या कानांत बसला असता, ते जगते तर अधिकच. पण त्या क्षणापासून मी ते नाव बरोबर उच्चारतो, आणि दर वेळी काहीतरी हातचे गेल्यासारखे वाटते.

गाडी तेजू नदीच्या काठाकाठाने जाते. आपल्या नकाशांत हिलाच टेगस म्हणतात. प्रथम तो प्रचंड तांबडा झुलता पूल डोक्यावरून गेला. १९६६ साली तो खुला झाला तेव्हा त्याला सालाझारचे नाव होते, आणि रानडे त्या वेळी नदीच्या याच काठावर कैदेत होते. २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथून टाकली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली, आणि पुलाला त्या तारखेचे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरील भारताच्या सार्वभौमत्वाला मान्यता दिली. हे सारे मी हिला सांगत होतो. ती खिडकीतून पाहत म्हणाली, "नदी किती रुंद आहे हो, पलीकडचा तीर दिसतो म्हणून नदी म्हणायची."

काशियाश हे अगदी साधे उपनगर आहे. दोन फलाट, रुळांपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे हातभर रुंद वाळू आणि पाणी. वाळूच्या कडेला बुरुजांचा एक चिमुकला दगडी किल्ला उभा होता. मी त्याच्यापुढे जाऊन थांबलो. छाती धडधडत होती. पण तो इतका लहान, इतका शोभिवंत होता की त्यात तुरुंग मावेना. जवळच बांधावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. सत्तरीचा तरी असावा. मी किल्ल्याकडे बोट दाखवून दोन्ही मनगटे एकमेकांवर ठेवली. त्याने मान हलविली: हा नव्हे. मग गळ गुडघ्यांत धरून त्याने हात मागे, टेकडीकडे केला. तिथे, घरांच्या वर. माझ्यासारखीच त्याने मनगटे जोडली, क्षणभर तशीच धरून मग दोन्ही हात झटक्याने उघडले आणि म्हणाला, "अब्रील." एप्रिल. १९७४ च्या त्या एप्रिलात, २६ तारखेच्या रात्री, येथील राजकीय कैद्यांना सोडण्यात आले होते. तो त्यांतला होता, त्याचे कोणी त्यांत होते, की दारापाशी जमलेल्या लोकांत तो उभा होता, हे विचारण्याइतकी भाषा आम्हां दोघांपाशी नव्हती. त्याने आम्ही कुठले म्हणून विचारले. "इंडिया," मी म्हणालो. "गोवा?" त्याने विचारले. मी नाही म्हणणार होतो. "हो," ही म्हणाली, "गोवा."

चढण बरीच होती. ही अर्ध्यावर एका भिंतीच्या सावलीत टेकली आणि मला पुढे जा म्हणाली. दोन्ही अंगांना बंगले, कुंपणांवर फुलवेली, एका घरात कोणी पियानोवर तोच तोच धडा गिरवीत होते. वर पोचल्यावर दिसली ती एक उंच भिंत, तारा, आणि बंद दरवाजा. तो तुरुंग आजही तुरुंगच आहे; प्रेक्षकांसाठी तिथे काही नाही. दरवाजाच्या बाजूला एक तरुण स्त्री, कडेवर मूल आणि हातात भरलेली पिशवी घेऊन, आत जाण्याची वाट पाहत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मीही कोणाला तरी भेटायला आलो आहे असे तिला वाटले असावे. ती थोडी सरकली आणि मला उभे राहण्यापुरती सावली करून दिली.

मी पाकिटातून ते तिकीट काढले. वाटेत मी पुष्कळ काही योजले होते. ते तिथे मातीत पुरावे, की भिंतीच्या फटीत खोचावे, की नुसते कपाळाला लावावे. त्यांतले काहीही केले नाही. तिकीट इंदूर ते खांडव्याचे होते. मला एवढेच सुचले की नाना निघाले असते तर बहुधा सीमेवरून जखमी होऊन परत आले असते, किंवा आलेच नसते, आणि मग मी नसतो. आजीने त्या रात्री त्यांचे मनगट धरले, ते माझेच मनगट होते. इतकी वर्षे त्या तिकिटाकडे मी नानांची हुकलेली संधी म्हणून पाहत होतो. आजीच्या बाजूने ते मी कधी पाहिलेच नव्हते. ती खरोखर आजारी होती की नव्हती, हे घरात कोणी कधी उघड बोलले नाही.

तिथे मी किती वेळ होतो सांगता येत नाही. कडेवरच्या मुलाने माझ्याकडे हात पसरला आणि मी तिकीट चटकन पाकिटात ठेवले, कारण मुले हाती येईल ते तोंडात घालतात.

खाली आलो तेव्हा ही भिंतीवर बसून, कुठून तरी घेतलेला पाव खात होती. अर्धा माझ्यासाठी ठेवला होता. "दिसले का?" तिने विचारले. मी म्हणालो, "भिंत आहे." ती म्हणाली, "बसा जरा." नदीच्या मुखात दूरवर, जिथे तेजू संपून महासागर सुरू होतो, तिथे पाण्यातच उभा असलेला एक वाटोळा दीपस्तंभ दिसत होता. कोठडीतून तो दिसत असेल का, असा विचार मनात आला. नानांच्या नकाशातील तो पेन्सिलीचा ठिपका मात्र मी मनातल्या मनात जरा वर सरकविला. त्यांनी तो पाण्यापाशी दिला होता. खरी जागा टेकडीवर होती.

फरशांचे संग्रहालय राहिले ते राहिलेच. संध्याकाळी आम्ही खालच्या शहरातील राजचौकात गेलो. तिथे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि पाण्याच्या कडेला दोन एकाकी खांब; पूर्वी राजेरजवाडे तिथे नावेतून उतरत. भरती येत होती. एकेक पायरी पाण्याखाली जात होती आणि पोरे शेवटच्या क्षणी पाय वर घेऊन किंचाळत होती. नातवासाठी हिने पिवळी लाकडी ट्राम घेतली. बाकी खरेदी झाली नाही.

विमान पहाटेचे होते. चार वाजता आम्ही बॅगा उचलून, आवाज न करता जिना उतरू लागलो. पण घरमालकीणबाई अंगावर शाल घेऊन खाली उभ्याच होत्या. त्यांनी हिच्या दोन्ही गालांना गाल लावले, आणि मग माझ्यापुढे तळहात पसरून हसत म्हणाल्या, "शाव्ह?"

मी खिशातून चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.